कोऱ्या जेलभोवतीही झोन येतोय? हायड्रोजेलच्या जिवाणूरोधक चाचणीतला नेहमीचा घोळ

सकाळी इन्क्युबेटर उघडून प्लेट उजेडात धरली. चांदीचे नॅनोकण घातलेल्या जेलच्या चकतीभोवती १४ मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे जिवाणू न वाढलेला झोन, दिसलं आणि जीव भांड्यात पडला. मग त्याच प्लेटच्या दुसऱ्या कडेला नजर गेली. तिथे चांदी न घातलेली कोरी चकती ठेवली होती आणि तिच्याभोवतीही वर्तुळ होतं, १२ मिलिमीटरचं. चकतीच मुळात ८ मिलिमीटरची. म्हणजे चांदीची कमाई अवघी दोन मिलिमीटर. पुढच्या आठवड्यात तोच प्रयोग केला तर कोऱ्या चकतीला काहीच नाही आणि चांदीच्या चकतीला ९. तिसऱ्या खेपेला तर कोरी चकतीच चांदीच्या पुढे!

हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारं पॉलिमरचं जाळं, करून जिवाणूंवर तपासणाऱ्या माणसाला हा अनुभव कधी ना कधी येतोच. त्यावरची धावपळही ठरलेली असते: जिवाणूचा दुसरा वाण (स्ट्रेन) घेऊन बघू, त्यांच्या खाद्याचा (मीडियाचा) नवा डबा उघडू, चांदी वाढवू. मी हे सगळं केलं. चांदी दुप्पट केल्यावर आकडे आणखीच विस्कटले. तीन महिने असे गेल्यावर कळलं की मी जेल तपासतच नव्हते. जेलमध्ये अडकून राहिलेली उरलीसुरली रसायनं, त्यातलं आम्ल आणि कोरड्या चकतीची तहान, या तिघांची बेरीज मी दर आठवड्याला मोजत होते. आणि ही बेरीज दर बॅचला वेगळी, म्हणून आकडेही वेगळे.

प्लेटची बाजू आधी उरकून घ्या

जेलवर संशय घेण्याआधी प्लेट धड आहे ना हे बघायला एक दिवस पुरतो. म्यूलर-हिंटन अगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं ठरलेलं घट्ट खाद्य, ४ मिलिमीटर जाडीचं हवं. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलिलिटर ओतलं की तेवढी जाडी येते. पातळ ओतलं तर झोन मोठे येतात, जाड ओतलं तर छोटे. जिवाणूंचं द्रावण गढूळपणाच्या ०.५ मॅकफार्लंड मापाला जुळवलेलं हवं, म्हणजे ई. कोलायच्या बाबतीत मिलिलिटरला सुमारे १० ते २० कोटी पेशी. ६२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण ०.०८ ते ०.१३ च्या दरम्यान. जुळवल्यावर पंधरा मिनिटांत प्लेटवर पसरायचं, आणि पसरल्यावर पंधरा मिनिटांच्या आत चकत्या ठेवायच्या. आठ-दहा जेलच्या चकत्या चिमट्याने लावत बसलं की ही वेळ सहज टळते. शेवटची चकती अर्ध्या तासाने बसली तर तिचा झोन पहिलीपेक्षा छोटा येणार, त्यात जेलचा काही दोष नाही.

प्रत्येक वेळी एका प्लेटवर जेंटामायसिनची १० मायक्रोग्रॅमची तयार चकती ठेवा. ई. कोलायच्या एटीसीसी २५९२२ या प्रमाण वाणावर तिचा झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला हवा. आला तर प्लेट, जिवाणू आणि तुमचा हात तिन्ही ठीक. आता बीकरकडे वळू.

जेलमध्ये काय उरतं

ॲक्रिलिक ॲसिड आणि ॲक्रिलामाइड, साखळ्या एकमेकींना जोडणारा क्रॉसलिंकर म्हणून मिथिलीन-बिस-ॲक्रिलामाइड, सुरुवात करून द्यायला अमोनियम परसल्फेट आणि टेमेड. बहुतेकांचा पहिला धडा हाच. मिश्रण घट्ट झालं, कुपी उलटी केली, काही ओघळलं नाही, की आपण जेल झालं म्हणतो. पण ओघळलं नाही याचा अर्थ जाळं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडलं गेलं, इतकाच. सगळा मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा कच्चा रेणू, जाळ्यात गेला असा त्याचा अर्थ नाही. न जोडलेला मोनोमर, सुट्या छोट्या साखळ्या, शिल्लक परसल्फेट, टेमेड, हे सगळं त्या पाण्यात तसंच असतं. परसल्फेट ऑक्सिडीकारक आहे, टेमेड अमाइन आहे, ॲक्रिलिक ॲसिड नावाप्रमाणे आम्ल आहे. अशी चकती अगरवर ठेवली की हे रेणू बाहेर पाझरतात आणि आपलं वर्तुळ आखतात. चांदी जेलला धरून बसलेली असते, तिच्याआधी ही मंडळी पोहोचलेली असतात.

शिवाय ॲक्रिलामाइडचा मोनोमर चेतासंस्थेला घातक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला २अ गटात, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक असलेल्यांमध्ये, ठेवलं आहे. जखमेवर लावायच्या पट्टीसाठी जेल करायचं आणि त्यात हा मोनोमर शिल्लक ठेवायचा हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. पूड तोलताना हातमोजे आणि मास्क हवेत, हेही ओघाने आलंच.

कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, पण घोळ तोच. कायटोसान विरघळवायला १ टक्का ॲसेटिक ॲसिड लागतं. पसरून सुकवलेली फिल्म ही खरं तर कायटोसान ॲसेटेटची असते, आणि तिच्यातून आम्ल सुटत राहतं. ॲसेटिक ॲसिड स्वतःच चांगलं जिवाणूरोधक आहे, स्यूडोमोनासवर तर विशेष. कायटोसानची लांबलचक साखळी अगरमधून फारशी सरकू शकत नाही. म्हणून न धुतलेल्या कायटोसान फिल्मभोवती दिसणारा टपोरा झोन बहुतेक वेळा आम्लाचाच असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्म सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून, पाण्याने उदासीन होईपर्यंत धुवा आणि पुन्हा ठेवा. झोन गेला तर उत्तर मिळालं. इथे एक अडचण मात्र कबूल करायला हवी. कायटोसानचे अमाइन गट साधारण ६.५ पीएचच्या खाली धनभारित असतात, आणि त्याची जिवाणूंवरची पकड त्या भारावर अवलंबून आहे. म्हणजे ७.३ पीएचच्या अगरवर धुतलेलं कायटोसान मुळातच मवाळ होतं. आम्ल धुतल्यावर आकडा पडला म्हणून फिल्म बिघडली असं समजू नका, तोच तिचा खरा आकडा आहे.

ग्लुटाराल्डिहाइडने जोडलेली जेलं असतील तर शिल्लक अल्डिहाइड हा आणखी एक संशयित. ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये काही तास ठेवलं की मोकळे अल्डिहाइड गट बांधले जातात, मग ग्लायसिनही धुऊन काढायचं. धुतलेल्या पाण्यात शिफ अभिकर्मकाचे थेंब टाकून जांभळट गुलाबी रंग येतो का बघा.

धुणं म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवणं नव्हे

"जेल रात्रभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवलं होतं" हे वाक्य माझ्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत सतरा वेळा आहे. जेल एक सेंटिमीटर जाडीचं होतं आणि पाणी एकदाच घातलेलं. यात दोन चुका आहेत.

पहिली जाडीची. रेणूला जेलच्या पोटातून बाहेर यायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फुगलेल्या जेलमध्ये छोट्या रेणूचा विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचं माप) सेकंदाला सुमारे ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर धरला, तर दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीच्या मध्यापासून बाहेर यायला ढोबळमानाने अर्धा तास लागतो. तीच पट्टी दहा मिलिमीटरची असेल तर पंचवीसपट, म्हणजे जवळजवळ चौदा तास. आणि ही झाली एक फेरी. म्हणून चकत्या आधी कापा, मग धुवा. मी उलटं करत होते: ठोकळा धुवून त्यातून चकत्या कापत होते, आणि मधल्या चकत्यांना कडेच्या चकत्यांपेक्षा मोठे झोन का येतात याचा विचार करत बसले होते.

दुसरी चूक पाण्याच्या हिशेबाची. १० मिलिलिटर फुगलेलं जेल ३०० मिलिलिटर पाण्यात एकदाच ठेवलं तर समतोल झाल्यावर मूळच्या विरघळलेल्या मालाचा एकतिसावा हिस्सा जेलमध्ये राहतो. तेच ३०० मिलिलिटर तीन वेळा शंभर-शंभर करून वापरलं तर अकरावा गुणिले अकरावा गुणिले अकरावा, म्हणजे एक हजार तीनशे एकतिसावा हिस्सा. पाणी तेवढंच, फरक चाळीसपटीहून जास्त. माझी आताची पद्धत अशी: दोन मिलिमीटरच्या चकत्या, जेलच्या दहापट पाणी, हलक्या हाताने फिरणारा शेकर, दिवसातून तीन वेळा पाणी बदलायचं, चार दिवस.

एक जागा मात्र नुसत्या पाण्याने सुटत नाही. पॉलिॲक्रिलिक ॲसिडच्या जाळ्यावर ऋणभार असतो. टेमेड प्रोटॉन घेऊन धनभारित होतं आणि त्या भाराला चिकटून राहतं. साध्या पाण्यात त्याला सोडवायला समोर दुसरा धन आयन नसतो. प्लेटवर ठेवल्यावर मात्र मीडियातले सोडियम, पोटॅशियम त्याची जागा घेतात आणि ते बाहेर पडतं. म्हणून मधले दोन बदल ०.९ टक्के मिठाच्या पाण्याने करा आणि शेवटी पुन्हा साध्या पाण्यावर या.

हे शेवटचं साधं पाणी टाळू नका. मी टाळलं होतं. मिठाच्या पाण्यातून काढलेल्या चकत्या थेट सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकल्या आणि डोळ्यांदेखत काचेसारखं जेल ताकासारखं पांढरं झालं. क्लोराइड आणि चांदी भेटली की सिल्व्हर क्लोराइड बसणारच. उजेडात ठेवल्यावर तेच पुढे राखाडी-जांभळं पडलं. चाळीस चकत्या फेकल्या.

धुणं पुरलं का हे अंदाजाने ठरवू नका. शेवटचं पाणी चकतीसोबत काही तास ठेवा आणि मग त्याचं शोषण २०० ते २३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात घ्या; ॲक्रिलामाइड आणि क्रॉसलिंकर तिथे दिसतात. सलग दोन बदलांत आकडा ताज्या पाण्याशी जुळला पाहिजे. परसल्फेटसाठी पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चचे थेंब पुरतात. निळं पडलं तर परसल्फेट आहे. ही प्रतिक्रिया आळशी आहे, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवा, कारण आयोडाइड हवेनेही हळूहळू रंग धरतं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा जिवाणूच घेतात. शेवटच्या धुवणाचे २० मायक्रोलिटर ६ मिलिमीटरच्या कोऱ्या कागदी चकतीवर सोडा, सुकू द्या, प्लेटवर ठेवा. तिच्याभोवती काहीही दिसलं तर पुढचा प्रयोग करू नका.

आम्लाचं वर्तुळ डोळ्यांनी पाहायचं असेल तर

ही युक्ती मला फार आवडते, कारण वादच मिटतो. अगर ओतताना त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू घाला. ७.३ पीएचला प्लेट हिरवट निळी दिसते; ६ च्या खाली गेली की पिवळी. जिवाणू पसरायचे नाहीत, नुसत्या चकत्या ठेवायच्या आणि ३५ अंशांना सोडायच्या. माझ्या पहिल्या बॅचच्या कोऱ्या चकतीभोवती दोन तासांत पिवळं कडं उमटलं आणि संध्याकाळपर्यंत ते १२ मिलिमीटरवर आलं. तोच आकडा, जो मी जिवाणूंच्या प्लेटवर मोजला होता! उदासीन न केलेल्या ॲक्रिलिक ॲसिडचं ते काम होतं. रंगीत प्लेटवर जिवाणू वाढवू नका. वाढताना तेही आम्ल सोडतात आणि चित्र गढूळ होतं.

उपाय सोपा आहे. पॉलिमर करण्याआधी ॲक्रिलिक ॲसिड सोडियम हायड्रॉक्साइडने बर्फात ठेवून बऱ्याच अंशी उदासीन करा, थेंबाथेंबाने, कारण उष्णता भरपूर निघते. आणि धुतल्यावर चकत्या ७.४ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणात, मुरवा. चांदी घालायची असेल तर क्लोराइड नसलेला बफर निवडा, वरचं ताक आठवा.

आम्लाचा उलटा परिणामही होतो. जेंटामायसिनसारखी औषधं आम्लात मंदावतात. तेव्हा आम्लट जेलमध्ये घातलेल्या जेंटामायसिनचा झोन छोटा आला तर औषध कमी पडलं असं लगेच म्हणू नका.

तहानलेली चकती

सुकवून ठेवलेली जेलची चकती तोलायला, साठवायला सोयीची. तीच थेट अगरवर ठेवली तर ती अगरमधलं पाणी ओढून घेते. अति-शोषक जेल स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितात. चार मिलिमीटरच्या अगरपुढे ही ताकद फार झाली. सकाळी बघाल तर चकती फुगून टम्म झालेली आणि तिच्याभोवती अगर खाली बसलेलं, किंचित आरसपानी. तिथे जिवाणू वाढलेले नसतात, कारण त्यांना पाणीच मिळालेलं नसतं. प्लेट तिरकी धरून उजेड कडेने आला तर हा खड्डा स्पष्ट दिसतो. सरळ वरून पाहिलं तर हुबेहूब झोन.

पूर्ण फुगलेली चकती ठेवली तर उलटा त्रास. तिच्या अंगावरचं पाणी ओघळून जिवाणूंचा थर धुऊन नेतं आणि झोनची कड चंद्राच्या कोरीसारखी एका बाजूला सरकते. निर्जंतुक टिपकागदावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेकंद टेकवून मग ठेवा. शिवाय ३५ अंशांना रात्रभरात ती थोडी आकसते आणि जिथे आधी बसली होती तिथली विरळ वाढीची पट्टी उघडी पडते, तीही मोजमापात घुसते. म्हणून चकतीचा व्यास ठेवताना मोजा आणि काढतानाही मोजा. दोन्ही आकडे वहीत हवेत.

कोरी चकती कशाला म्हणायचं, यावरही इथेच बोलून टाकते. कोरी म्हणजे चांदीच्या चकतीने जे जे सोसलं ते सगळं सोसलेली, फक्त चांदी नसलेली. चांदी घडवायला सोडियम बोरोहायड्राइड वापरलं असेल तर कोऱ्या चकतीलाही तेच बोरोहायड्राइड, तितकाच वेळ, तितकंच धुणं. बोरोहायड्राइडमागे अल्कली आणि बोरेट उरतं. साध्या पाण्यात ठेवलेली चकती कंट्रोल म्हणून मांडली तर चांदीच्या नावावर बोरेटचंही काम जमा होतं. निर्जंतुक करण्यासाठी ७० टक्के इथेनॉलमध्ये बुडवलेल्या चकत्यांचंही असंच. जेल इथेनॉल पिऊन बसतं आणि प्लेटवर ओकतं. मी आता पॉलिमर करण्याआधीचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढते आणि पुढचं सगळं निर्जंतुक पाण्यात करते. ऑटोक्लेव्ह चालतो की नाही हे जेलनुसार बघावं लागतं. १२१ अंशांना काही जाळी तुटतात, आणि चांदीचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या शोषणाचं ४०० ते ४२० नॅनोमीटरचं शिखर पसरट होतं.

धुतल्यावर झोनच गेला, आता?

चार दिवस धुतल्यावर माझ्या चांदीच्या जेलचा झोन १४ वरून ९.५ वर आला. काहींचा पूर्णच जातो आणि मग लोक धुणंच बंद करतात. तसं करू नका. झोन ही पाझरण्याची परीक्षा आहे. जे रेणू जेलमधून सुटून अगरमधून पुढे सरकतात त्यांचंच वर्तुळ उमटतं. जिवाणू मारणारे धनभारित चतुर्थक अमोनियम गट जाळ्याला पक्के जोडलेले असतील तर ते कुठेच जाणार नाहीत. जिवाणू अंगाला लागला तरच मरेल. अशा जेलला झोन आला तर उलट संशय घ्यावा, काहीतरी सुटतंय. चांदीही मीडियातल्या क्लोराइडशी आणि गंधकयुक्त अमिनो आम्लांशी बांधली जाते, त्यामुळे अगरवर तिचा झोन स्वभावतःच लहान असतो. चांदीचा १० आणि प्रतिजैविकाचा २० असा तक्ता करून चांदी निम्म्याने कमी पडली म्हणणं चुकीचं, कारण झोनचा आकार मारण्याच्या ताकदीइतकाच पाझरण्याच्या वेगावरही ठरतो.

ऋणभारित जेलमध्ये धनभारित औषध भरलं तरी असंच होतं. जेंटामायसिन पॉलिॲक्रिलेटच्या जाळ्यात गच्च बसतं. साध्या पाण्यात सुटण्याचा आलेख काढला तर जवळजवळ आडवी रेघ येते. मिठाच्या पाण्यात काढला तर चढतो. औषध वाया गेलं म्हणण्याआधी मीठ घालून बघा.

यासाठी पेशी मोजण्याच्या चाचण्या आहेत. पृष्ठभागासाठी आयएसओ २२१९६: नमुन्यावर ०.४ मिलिलिटर जिवाणू, वर पातळ फिल्म, ३५ अंशांना २४ तास, मग धुऊन काढून मोजणी. ती सच्छिद्र नसलेल्या पृष्ठभागांसाठी लिहिली आहे, जेल थेंब पिऊन टाकतं, म्हणून चकती आधी पूर्ण फुगवून घ्यावी लागते आणि हा बदल निकालासोबत लिहावा लागतो. जोडून ठेवलेल्या जिवाणूरोधकांसाठी एएसटीएम ई२१४९ ची हलवत्या फ्लास्कची चाचणी मला जास्त सोयीची वाटते.

पण मोजणीतही दोन खड्डे आहेत. एक, धनभारित जेल जिवाणूंना न मारता नुसतं चिकटवून घेतं. द्रावणातली संख्या तीन लॉगने, म्हणजे हजारपटीने, पडते, आपण ९९.९ टक्के मेले म्हणतो, आणि ते बापडे जेलवर मजेत जिवंत असतात. चकती काढून लेसिथिन-पॉलिसॉर्बेट ८० च्या द्रावणात जोराने घुसळा (व्हॉर्टेक्स), ते पाणी मोजा, आणि उरलेली चकती कुस्करून अगरवर दाबा. दोन, नमुन्यासोबत प्लेटवर गेलेलं औषध तिथेही मारत राहतं. चांदीसाठी सोडियम थायोसल्फेट किंवा थायोग्लायकोलेट, चतुर्थक अमोनियमसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट, असं निष्प्रभ करणारं द्रावण लागतंच. आणि ते द्रावण स्वतः जिवाणूंना इजा करत नाही ना, हे वेगळ्या प्लेटवर दाखवावं लागतं.

तरीही बॅचेस जुळत नसतील

मग पॉलिमरकडे परत. प्राणवायू पॉलिमरची साखळी वाढवणाऱ्या मूलकांना गिळतो. द्रावणातून पंधरा-वीस मिनिटं नायट्रोजन सोडा. फ्रिजमधून काढलेलं गार द्रावण जास्त प्राणवायू धरून असतं, ते आधी खोलीच्या तापमानाला आणा. उघड्या साच्यात ओतलेल्या जेलचा वरचा थर बोटाला चिकट लागतो, कारण हवेला लागलेल्या बाजूचा मोनोमर अर्धवटच जोडला जातो. माझ्या एका बॅचमध्ये चकती सुलटी ठेवली तर ८, पालथी ठेवली तर ११, असा प्रकार होता. तेव्हापासून दोन काचांमध्ये ओतते.

परसल्फेट ओल धरून मरतं. कोरड्या, चांगल्या परसल्फेटवर पाणी टाकलं की बारीक तडतड ऐकू येते. आवाज नाही आला तर बाटली बदला. द्रावण रोज ताजं करा. ॲक्रिलिक ॲसिडची बाटली १३ ते १४ अंशांच्या आसपास गोठते. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून वरचं द्रव ओतून घेतलं तर त्यात रोधक (आम्ल आपोआप जोडलं जाऊ नये म्हणून घातलेला) किती गेला याचा नेम नाही, आणि तळाशी रोधक कमी असलेलं आम्ल उरलं तर ते स्वतःहून भडकण्याचा धोका आहे. खोलीच्या उबेवर सावकाश, पूर्ण वितळवा, हलवा, मग घ्या; गरम पाण्यात वा हीटरवर कधीही नाही.

दोष कुठे आहे हे कळतच नसेल तेव्हा मी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं गोठवून-वितळवून केलेलं जेल शेजारी ठेवते. १० टक्के द्रावण, ९८ टक्क्यांहून जास्त हायड्रोलाइझ झालेलं, ९० अंशांना विरघळवलेलं, उणे २० अंशांच्या तीन ते पाच फेऱ्या. ना सुरुवात करून देणारं रसायन (इनिशिएटर), ना क्रॉसलिंकर, ना आम्ल. त्याच्याभोवतीही झोन दिसला तर जेलचं रसायन निर्दोष, गडबड पाण्यात, बफरमध्ये किंवा निर्जंतुकीकरणात आहे.

मोजून झालं की चिमट्याने चकती उचला आणि खाली बघा. लूप तिथल्या अगरवर फिरवून ताज्या प्लेटवर ओढा. दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर वाढ आली, तर चकतीखालचे जिवाणू फक्त थांबले होते, मेले नव्हते. माझ्या धुतलेल्या कोऱ्या चकतीखाली गच्च वाढ होती, अगदी मधोमधपर्यंत. चांदीच्या चकतीखालची रेघ कोरी राहिली. झोन फक्त ९.५ चा, पण पुढच्या पाच बॅचेसमध्ये तो ९ आणि १० च्या बाहेर गेला नाही. वापरलेल्या प्लेट्स आणि चकत्या ऑटोक्लेव्ह करूनच कचऱ्यात टाका. जिवंत स्टॅफिलोकोकसची रेघ सिंकवर विसरून जाणारी मीही एक होते.